पल्स ऑक्सिमीटर

पल्स ऑक्सिमीटर हे रोहिण्यांतील रक्तामधील हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनयुक्त आहे, याचा टक्केवारीत अंदाज देणारे वैद्यकीय उपकरण आहे. ते बोटाच्या टोकास किंवा कानाच्या पाळीस चिमट्याप्रमाणे लावतात. प्रकाश, तापमान, दाब अशा भौतिक राशींतील बदल ओळखून त्यांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या घटकास संवेदक (सेन्सर) म्हणतात. या उपकरणातील संवेदक प्रत्यक्षात ऑक्सिजन मोजत नाही. तो केवळ प्रकाश मोजतो व त्यावरून ऑक्सिजनचे प्रमाण काढले जाते. उपकरणाची उपयुक्तता आणि मर्यादा या दोहोंचे मूळ यातच आहे.

कार्यपद्धती

चिमट्याच्या एका बाजूस दोन एलईडी असतात. एकातून सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा, तर दुसऱ्यातून सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश आळीपाळीने बाहेर पडतो. समोरचा संवेदक बोटातून आरपार आलेला प्रकाश टिपतो. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते, तर ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते. त्वचा, हाड व शिरांतील रक्त यांमुळे होणारे शोषण जवळजवळ स्थिर असते. रोहिण्यांतील रक्त मात्र नाडीच्या प्रत्येक ठोक्यास कमी-अधिक होते. या बदलत्या भागाचे दोन्ही प्रकाशांतील गुणोत्तर काढून ते निरोगी स्वयंसेवकांच्या रक्ततपासणीवरून ठरवलेल्या मानांशी ताडले जाते. नाडीचे ठोकेही त्याच संकेतावरून मोजले जातात.

इतिहास

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण मोजण्याच्या प्रयत्नात जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांना नाडीच्या स्पंदनांचा सतत व्यत्यय येत असे. हाच व्यत्यय ऑक्सिजन मोजण्यास उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले व १९७४ मध्ये ही पद्धत मांडली.

उपयोग

भूल देताना, अतिदक्षता विभागात व नवजात बालकांच्या तपासणीत हे उपकरण वापरतात. निरोगी व्यक्तीत, समुद्रसपाटीच्या आसपास, मान सामान्यतः ९५ ते १०० टक्के असते. कोविड-१९ च्या काही रुग्णांत धाप जाणवण्यापूर्वीच ऑक्सिजन घटत असल्याने याला विशेष महत्त्व आले. महाराष्ट्रात २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथकांनी घरोघरी याचा वापर केला.

मर्यादा

थंड हात, बोटाची हालचाल किंवा गडद नेलपॉलिश यांमुळे मान चुकू शकते. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या रुग्णात हे उपकरण फसवे, जवळजवळ सामान्य मान दाखवते. रक्तक्षयात हिमोग्लोबिनच कमी असते. त्यामुळे टक्केवारी उत्तम दिसूनही शरीरास मिळणारा ऑक्सिजन अपुरा असू शकतो. गडद त्वचेच्या व्यक्तींत ते प्रत्यक्षापेक्षा अधिक मान दाखवण्याचा संभव असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उपकरणाच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट आढळली. म्हणून धाप लागणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे अशी लक्षणे दिसत असल्यास पडद्यावरील आकडा चांगला असला तरी वैद्यकीय मदत घेणे आवश्यक ठरते. अचूक निदानासाठी रोहिणीतील रक्ताचा नमुना तपासला जातो.