साहेबाचे ओटे, कंपनीचे तह आणि आपला किनारा

विजयदुर्गावर गेलेल्या माणसाला 'साहेबाचे ओटे' दाखवल्याशिवाय कोणी परत पाठवत नाही. सोबत गोष्टही सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं, नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम शोधून काढला. म्हणून १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो. शाळेतली मुलं येतात, भाषणं होतात.

ग्रहण खरं आहे. खग्रास पट्टा या किनाऱ्यावरून पुढे पूर्वेला गेला होता. पण लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, खगोलशास्त्रज्ञ पॉग्सन मछलीपट्टणला आणि रॉयल सोसायटीने पाठवलेला लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. ऐन ऑगस्टात, कोकणात पाऊस कोसळत असताना, ही मंडळी घाटापलीकडे गेली यात नवल नाही. तिकडेही हर्शेलला ढगांनी सतावलंच. लॉकियरने स्वतःचं निरीक्षण केलं ते दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, इंग्लंडमध्ये आणि ग्रहणाशिवाय. वर्णपटातली ती पिवळी रेषा सोडियमची नाही हे त्याने ओळखलं आणि अज्ञात मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं. पृथ्वीवर हा वायू हाती लागला तो १८९५ साली, रॅमसेच्या प्रयोगशाळेत.

मग लॉकियरचा विजयदुर्गाशी संबंधच नाही का? आहे, आणि चांगला भक्कम आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो मोठी मोहीम घेऊन इथे उतरला. 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरच्या खलाशांनाही त्याने निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं. जानेवारीतलं कोकणचं आकाश किती स्वच्छ असतं हे आपल्याला ठाऊकच आहे. ओट्यांची आठवण जोडायचीच तर या मोहिमेशी जोडली पाहिजे. शोध इथला नसेल, पण त्या शोधाचा एक जनक इथे येऊन राहिला ही गोष्ट काही कमी नाही. मुलांना तीच सांगावी असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटिशांविषयी आपल्या भागात जे समज रूढ आहेत, त्यातले बरेचसे याच जातीचे आहेत. तारीख खरी, माणूस खरा, जागाही खरी, पण तिघांची सांगड चुकलेली.

गैरसमज: १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इथे इंग्रजांचं राज्य सुरू झालं

पुण्यासाठी हे ठीक आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात इंग्रज बंदराबंदराने आले, आणि दर वेळी निराळ्या वाटेने.

विजयदुर्ग त्यांनी प्रथम घेतला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांशी हातमिळवणी करून. नानासाहेब पेशवे आणि विजयदुर्ग राखून असलेले आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचं वैर विकोपाला गेलं होतं. समुद्रातून अॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हचे शिपाई, जमिनीवरून पेशव्यांची फौज. खाडीत नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार तोफांच्या माऱ्यात पेटलं आणि जळून खाक झालं. इंग्रजांनी किल्ला आणि लूट दोन्ही आपल्याकडे ठेवली. ऑक्टोबरात नवा तह झाला, बाणकोट इंग्रजांकडे राहिलं आणि त्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. पुढच्या वर्षी क्लाइव्ह बंगालात प्लासीच्या मैदानावर होता. मराठ्यांचं आरमार इंग्रजांनी बुडवलं असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा भाग कडू आहे, पण तोही सांगायला हवा.

सिंधुदुर्ग किल्ल्याची गोष्ट वेगळी. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ साली ज्याचा पाया घातला, तो हा जलदुर्ग १७६५ साली कोल्हापूरकरांच्या ताब्यात होता. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने तो जिंकला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. नाव वर्षभरही टिकलं नाही. किल्ला सांभाळणं परवडेना, म्हणून १७६६ मध्ये कोल्हापूरच्या जिजाबाई राणीसाहेबांशी तह करून तो परत दिला. मोबदल्यात मोठी रक्कम घेतली आणि मालवणात वखार घालण्याची परवानगीही.

मालवण कायमचं गेलं ते ऑक्टोबर १८१२ च्या तहाने. पटवर्धन आणि निपाणकर या सरदारांशी झुंजून कोल्हापूर दमलं होतं. कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या पुढाकाराने झालेल्या तहात कोल्हापूरकरांना संरक्षणाची हमी मिळाली आणि मालवण बंदर व सिंधुदुर्ग किल्ला कंपनीकडे गेले. सशस्त्र जहाजं बाळगायची नाहीत हेही त्यात कबूल करून घेतलं होतं. त्याच महिन्यात सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं घेतलं. विजयदुर्ग १८१८ साली पडला. फेब्रुवारी १८१९ च्या तहाने सावंतवाडीने कंपनीचं संरक्षण पत्करलं आणि कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतची किनारपट्टी सोडून दिली.

यातून जो नकाशा तयार झाला, तो आजच्या जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून बघावा. देवगड, मालवण, वेंगुर्लं ही किनारपट्टी थेट ब्रिटिश अमलाखाली, रत्नागिरी जिल्ह्यात. कुडाळ, बांदा आणि वाडी हा आतला मुलूख सावंतवाडी संस्थानात, १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. शेजारी गोवा पोर्तुगिजांचा. एकाच घरातली लेक संस्थानात दिली की माहेर एका कायद्याखाली आणि सासर दुसऱ्या. मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला, तोही याच नकाशामुळे शक्य झाला. मिठागरं होती आणि गाव थेट ब्रिटिश हद्दीत होतं, म्हणजे मोडायचा कायदा तिथे सरकारचाच होता.

मालवणच्या माणसाला बोचणारी आणखी एक गोष्ट याच काळातली. कंपनीच्या कागदांत मालवणकर आणि सावंतवाडीकर दर्यावर्दींना सरसकट चाचे म्हटलेलं आहे आणि पुढच्या पुस्तकांनी तोच शब्द उचलला. त्या काळी या समुद्रावर प्रत्येक सत्ता आपला परवाना विकत असे. पोर्तुगिजांचा कार्ताझ, मराठ्यांचं दस्तक, कंपनीचा पास. ज्याच्याकडे परवाना नाही त्याचं जहाज पकडायचं हा सगळ्यांचाच रिवाज होता. निव्वळ लूटमारही होत असे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाच कृत्याला पोर्तुगीज आणि कंपनीच्या बाबतीत हक्क आणि कोल्हापूरकरांच्या बाबतीत चाचेगिरी म्हणणं, हा इतिहास नव्हे.

गैरसमज: आपल्यावर इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं

१८५८ पर्यंत मालवणचा सारा ज्या सत्तेकडे जात होता, ती एक व्यापारी कंपनी होती. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने तिला सनद दिली. तिचे भागधारक होते, लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर कचेरी होती, आणि भागधारकांनी निवडलेले संचालक तिथे बसून मुंबई इलाख्याला हुकूम धाडत. १७७३ आणि १७८४ च्या कायद्यांनी पार्लमेंटने तिच्यावर हळूहळू लगाम घातला. १८५७ चा उठाव झाल्यानंतर १८५८ मध्ये कारभार राणीच्या नावाने सुरू झाला, तरी निर्णय घेणारा होता पार्लमेंटला जबाबदार असलेला मंत्री. व्हिक्टोरिया राणी इथल्या एका गावाचाही सारा स्वतः ठरवत नव्हती.

शिवाय ज्यांना आपण सरसकट इंग्रज म्हणतो, ते सगळे इंग्लंडचे नव्हते. इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ साली एक होऊन ग्रेट ब्रिटन झालं, १८०१ साली आयर्लंड जोडलं गेलं. आपल्या भागाचं भवितव्य ठरवणारा एल्फिन्स्टन स्कॉटिश, त्याच्यानंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला माल्कम स्कॉटिश, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिश. स्वतःची पार्लमेंट गमावलेल्या देशातल्या तरुणांना कंपनीच्या चाकरीत मोठी वाट मिळाली होती.

आणि लोकशाहीचं काय? 'त्यांच्याकडे तेव्हाही लोकशाही होती' हे वाक्य फार ऐकू येतं. सावंतवाडीचा तह झाला त्याच १८१९ सालच्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड मैदानावर हजारो कामकरी बायकापुरुष मताचा हक्क मागायला जमले होते. एवढ्या मोठ्या गिरणगावाला पार्लमेंटमध्ये स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. घोडेस्वार तलवारी उपसून जमावात घुसले, डझनाहून अधिक माणसं मेली, शेकडो जखमी झाली. मताचा हक्क तिथे १८३२ पासून थोडा थोडा वाढत गेला. बायकांना तो १९१८ साली मिळाला, तोही तिशी उलटलेल्यांना आणि अटींसह. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडावं लागलं. आपल्यावर राज्य करणारा देश स्वतःच्या गिरणी कामगाराला मत नाकारत होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं.

गैरसमज: कोकणाने निमूटपणे मान तुकवली

१८५७ च्या तेरा वर्षं आधी, १८४४ मध्ये, कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड पुकारलं. कंपनीने नेमलेल्या कारभाराने गडांवरची त्यांची पिढीजात चाकरी आणि त्यासोबतच्या जमिनी धोक्यात आणल्या होत्या. ठिणगी सावंतवाडीतही पडली. तिथे १८३८ पासून कारभार ब्रिटिश पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या हाती होता. फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे मुलगे उठले, खुद्द गादीचे वारस अण्णासाहेब त्यांना मिळाले. शिवापूरच्या बाजूला असलेले मनोहर आणि मनसंतोष गड बंडवाल्यांनी धरून ठेवले. कर्नल आउट्रमला त्या रानात पलटणी घेऊन यावं लागलं. १८४५ च्या सुरुवातीला गड पडले आणि बंडवाले गोव्यात उतरले. कंपनीने त्यांना मागितलं, पण पोर्तुगिजांनी देण्यास नकार दिला. हे गड आजही उभे आहेत, आणि ही हकीकत जिल्ह्यातल्या फार थोड्या मुलांना सांगितली जाते याचं वाईट वाटतं.

गैरसमज: मेकॉलेने पार्लमेंटमध्ये भाषण करून आपली भाषा मारली

मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरणारा एक मजकूर आहे. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सांगितलं म्हणे, की हिंदुस्थानात भिकारी नाही, चोर नाही, म्हणून त्यांचं शिक्षण मोडून काढा. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता, लंडनमध्ये नव्हता. ती तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची आहे. त्या टिपणात आपल्या विद्यांविषयी जो तुच्छभाव आहे तो पुरेसा संतापजनक आहे. त्याला खोट्या भाषणाची जोड देण्याची गरजच नाही.

मुंबई इलाख्याची वाट थोडी निराळी होती. एल्फिन्स्टनच्या काळापासून देशी भाषांतल्या शाळांना आणि पुस्तकांना जागा मिळाली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. मामलेदार कचेरीतले कागद मराठीत, मोडी वळणात लिहिले जात राहिले. आजही घरोघरी पेटाऱ्यात सापडणारे जुने दस्त मोडीत आहेत ते यामुळेच.

या वाटेवर सर्वात पुढे असलेला माणूस आपल्याच जिल्ह्यातला. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. १८१२ साली, मालवण कंपनीकडे गेलं त्याच साली जन्मलेले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं. पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी आणि शेजारी मराठी. इंग्रजी बाजू राज्यकर्त्यांनी वाचावी आणि मराठी बाजू आपल्या लोकांनी, अशी ती रचना. मराठी लिहिता वाचता येणाऱ्याला जगातली नवी विद्या आपल्या भाषेत मिळावी यासाठी हा माणूस चौतिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत राबला. मालवणात १८३७ साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पुढचं नाव. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते. युरोपीय पंडितांची संशोधनाची रीत त्यांनी आत्मसात केली आणि त्याच रीतीने संस्कृत ग्रंथांच्या बाबतीत त्या पंडितांच्याच चुका दाखवून दिल्या. भाषा लादली गेली हे खरंच, पण या दोघांनी तिच्यापुढे मान तुकवली नाही.

आणि इंग्रजीचा इतिहास तरी काय? नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या कोर्टांत फ्रेंच चाले. १३६२ साली इंग्रजीत युक्तिवाद करण्याचा कायदा झाला, तरी दफ्तरातली लॅटिन हटायला १७३३ साल लागलं. आजही ब्रिटनमध्ये इंग्रजीला राष्ट्रभाषा ठरवणारा एकही कायदा नाही. वेल्समध्ये वेल्श भाषेला मात्र कायद्याने अधिकृत दर्जा आहे.

दोन छोटे समज उरकून टाकतो. वेंगुर्ल्याची पडकी वखार इंग्रजांची नव्हे, सतराव्या शतकातली डच लोकांची आहे. आणि रेल्वे ब्रिटिशांनी दिली हे देशात इतरत्र म्हणा, इथे नको. त्यांच्या काळात चाकरमानी मुंबईहून बोटीने येत आणि पावसाळ्यात तीही बंद असे. कोकण रेल्वेची गाडी पूर्ण मार्गावर धावली १९९८ साली, स्वतंत्र भारताच्या पैशाने.

गैरसमज: आपली संसद म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटची नक्कल

ब्रिटनमध्ये एका जागी लिहिलेली राज्यघटना नाही. १२१५ चा मॅग्ना कार्टा, १६८९ चं हक्कांचं विधेयक, निरनिराळे कायदे आणि रूढी मिळून तिथली घटना होते. राजा सही करतो, पण पार्लमेंटने मंजूर केलेला कायदा शेवटचा. तो घटनाबाह्य ठरवून रद्द करण्याचा अधिकार तिथल्या कोर्टाला नाही.

शेवटचा शब्द संसदेचा की कोर्टाचा, हा प्रश्न आपल्या संसदेत कोणी लावून धरला? वेंगुर्ल्यात जन्मलेले, लंडनला बॅरिस्टर झालेले, राजापूरचे खासदार नाथ पै यांनी. गोलकनाथ खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी नाथ पैंनी घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडे असल्याचं स्पष्ट करणारं खासगी विधेयक मांडलं. लोकांनी निवडलेल्या सभागृहावर त्यांचा पुरा विश्वास होता. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर चर्चा झाली, पण ते मंजूर होण्याआधीच जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेला मिळाला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने तो मान्य केला आणि एक मर्यादा घातली, की घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येणार नाही. ही मर्यादा वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटवर आजही नाही.