ब्लॉकवरचा रंग

पद्मिनीचं इंजिन ‘फुल’ करायला उतरवलं की मालक आधी पिस्टन-रिंगांचं विचारतो, मग खर्चाचं. रंगाचा विषय निघतो तो जाता जाता: “आणि जरा पेंट मारून द्या, मेस्त्री.” त्या ‘जरा’शी माझं भांडण आहे. नीट रंगवलेला ब्लॉक हा आधीची सगळी धुलाई मन लावून झाल्याचा पुरावा असतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली, तरी मुंबईकरांच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी थांबली. आज दिसतात त्या बहुतेक हौसेने सांभाळलेल्या गाड्या.

तिचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. रंगकामाची अर्धी अक्कल या दोन धातूंच्या फरकात आहे. बिडाचा ब्लॉक गरम कॉस्टिकच्या टाकीत बुडवला की वर्षानुवर्षांचं जळकं ऑइल, चिखल, जुना रंग सगळं सुटून येतं. त्याच टाकीत चुकून हेड गेलं तर कॉस्टिक अॅल्युमिनियमच खायला लागतं. म्हणून हेड वेगळं, रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश घेऊन हाताने धुवायचं. त्याला रंग न देता स्वच्छ, उघडं ठेवलेलंच मला आवडतं. द्यायचाच असेल तर आधी वॉश प्रायमर हवा, नाहीतर अॅल्युमिनियमवरून रंगाचे पापुद्रे निघतात.

टाकीतून निघालेला ब्लॉक उघडा पडलेला असतो. मुंबईच्या दमट हवेत काही तासांत त्याच्यावर तांबूस गंज धरतो. त्यामुळे बोअरिंग, होनिंग झालं की सिलिंडर साबण आणि कोमट पाण्याने धुवायचे, पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत पुसायचे आणि लगेच ऑइलचा हात द्यायचा. आता आत ऑइल हवं आणि बाहेर त्याचा थेंबही नको, अशी पंचाईत असते. वर बीड हा सच्छिद्र धातू. थिनरने लख्ख पुसलेला ब्लॉक उन्हात तापला की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. जाणता कारागीर ब्लॉक तापवतो, पुसतो, परत तापवतो. मग बाहेरच्या बाजूला थोडं पाणी सोडून बघतो. पाणी सलग पसरलं तर काम झालं. त्याचे थेंब गोळा झाले तर तिथे अजून तेल आहे, आणि रंग नेमका तिथूनच सुटणार.

यानंतर मास्किंग. हेड, ऑइल चेंबर, वॉटर पंप, टायमिंग कव्हर जिथे बसतात ते सगळे फेस टेपने झाकायचे, टेपची कड ब्लेडने फेसच्या काठाबरोबर कापायची, आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवायचे. गॅस्केटखाली रंगाचा थर राहिला तर तापल्यावर तो दबतो, बोल्टची ओढ कमी होते आणि गळती सुरू होते. इंजिन नंबरचा कोरीव भागही झाकावा. आरटीओची तपासणी झाली तर तो नंबर स्पष्ट वाचता यायला हवा.

रंग मारायला मात्र फारसा वेळ लागत नाही. हीटप्रूफ इनॅमल, गनने, दोन-तीन पातळ हात. जाड थर आधी पोपडे धरतो. ऐन पावसात गन हातात घेऊ नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि चकाकीवर पांढरट झाक येते.

काही जण ब्लॉकच्या आतूनही रंग देतात. त्यासाठी ग्लिप्टाल हे लाल रंगाचं, मुळात विजेच्या मोटरींच्या इन्सुलेशनसाठी वापरलं जाणारं पेंट प्रसिद्ध आहे. ऑइल लवकर खाली उतरावं, बिडाचे कण अडकून राहावेत, हा हेतू. मी याच्या विरोधात आहे. आतून एक पापुद्रा सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. घरच्या गाडीसाठी एवढा धोका का घ्यावा?

एग्झॉस्ट मॅनिफोल्डची गोष्ट वेगळी. ब्लॉकचं पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर फिरतं, मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांवर जातो. तिथे साधं इनॅमल पहिल्याच फेरीत करपतं. सिलिकॉन रेझिनचा अॅल्युमिनियम रंग लागतो, आणि तो पक्का होतो उष्णतेनेच: इंजिन थोडं चालवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग जास्त वेळ चालवायचं. पहिल्या खेपेला धूर येतो, वास येतो. मालकाला आधीच सांगून ठेवावं.

रंग कोणता? शेवरोलेची व्ही-एट केशरी, जुन्या एमजीबीचं इंजिन मरून. त्या गाड्यांचे हौशी लोक छटेवरून वाद घालतात. रोज चालणाऱ्या पद्मिनीसाठी मी फिकट राखाडी सुचवेन. काळ्यावर गळती लपते, फिकटावर ऑइलची पहिली रेघही दिसते आणि कुठलं सील गेलं ते बॉनेट उघडताच कळतं. याच कारणासाठी, विकायला काढलेल्या जुन्या गाडीचं इंजिन ताज्या रंगात चकाकत असेल तर सावध व्हावं. टेपची कड कुठे दिसत नाही, होजवर आणि क्लिपांवर रंग उडालाय, म्हणजे मळावरूनच गन फिरली. अशा गाडीचं इंजिन तासभर चालवून खालून टॉर्चने बघितल्याशिवाय पैशांची बोलणी करू नयेत.