पणजोबा पलटणीत होते का?

घरात जुनं पदक असेल तर आधी त्याची कड भिंगाखाली धरा. पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक पदकांवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथेच कोरलेली असते. पदक ‘ब्रिटिश वॉर मेडल’ असून चांदीऐवजी ब्राँझचं निघालं, तर पणजोबा बहुधा लढवय्ये नव्हे, मजूर तुकडीत होते. युद्धात मेलेल्यांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे फुकट पाहता येतात. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हाही असतो. स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानावर, तेव्हा चार-पाच तऱ्हांनी शोधा. पणजोबा मराठा पलटणीत असतील, तर इराकचा मागही घ्या: १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या कूत गावी तुर्कांच्या हाती लागल्या. तिकडे मेलेल्यांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा!