परसांतील पांढरा चाफा व त्याची लागवड

महसुली कचेरींत आमचीं जीं वर्षें गेलीं, त्यांत झाडें मोजण्याचें काम आमच्या वांट्यास पुष्कळ वेळां आलें. रस्त्यासाठीं किंवा कालव्यासाठीं जमीन घ्यावयाची म्हणजे पंचांसमक्ष आंबे किती, चिंचा किती, नारळ किती, विहीर पक्की कीं कच्ची, हें सर्व लिहून घ्यावें लागे. दाराशीं उभा असलेला चाफा मात्र कोणीं मोजावयास सांगितल्याचें आम्हांस आठवत नाहीं, आणि आम्हींही तो आपण होऊन कधीं मोजला नाहीं. न फळ, न इमारती लांकूड. त्याची किंमत ती काय धरावयाची? ही आमची समजूत पुढें आमच्याच घरीं खोटी ठरली. ती कशी, व त्यांतून चाफ्याच्या लागवडीविषयीं आम्ही काय शिकलों, हें शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल असें वाटून येथें देत आहों.

प्रथम कोणता चाफा, हें सांगणें अवश्य आहे. आपल्याकडे हें नांव अनेक झाडांस आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांतील चंपक तो सोनचाफा. हिरवा चाफा हा सीताफळाच्या कुळांतील वेल, तर भुईचाफा हळदीच्या कुळांतील कंद. आमचा विषय आहे तो पांढरा चाफा, ज्यास देवचाफा किंवा खुरचाफा असेंही म्हणतात. हा कण्हेर व तगर यांच्या कुळांतला असून फांदी मोडतांच पांढरा चीक येतो. तो इतका आपला झाला आहे कीं, तो परका आहे असें सांगितल्यास कोणी विश्वास ठेवणार नाहीं. परंतु त्याचें मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका व वेस्ट इंडीज बेटें हें होय. शार्ल प्लुमिये (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नांवावरून त्याचें शास्त्रीय नांव प्लुमेरिया असें पडलें.

आपल्याकडे त्याच्या दोन जाती विशेष दिसतात. एकीचें पान टोंकदार असून हिंवाळ्यांत सर्व पानें गळून झाड बोडकें होतें. हिचीं फुलें पांढरीं, पिवळीं, गुलाबी किंवा लाल असतात. दुसरीचें पान टोंकाशीं वाटोळें व गर्द हिरवें असून ती बहुधा बारमास पानें धरून राहते. अलीकडे रोपवाटिकांतून एक तिसरी जात मिळते. तिचें पान फणीच्या टोंकासारखें रुंद असून फुलें फार येतात. पण त्यांस वास नसतो. वासासाठीं झाड घेणारानें एवढें पाहून घ्यावें.

आतां आमच्या घरची हकीकत. आम्ही मराठी शाळेंत जाऊं लागलों त्या वर्षीं आमच्या मातोश्रींनीं परसांत चाफ्याची एक फांदी लाविली होती. तिचें झाड होऊन त्याखालीं आमच्या घरच्या दोन पिढ्या खेळल्या. सन २०२२ मध्यें वांटणी झाली. मळा आमच्याकडे व जुन्या घराची जागा कनिष्ठ बंधूंकडे गेली. वांटणी समजुतीनें झाली. परंतु बंधूंस नवें घर बांधणें भाग होतें, आणि पाया नेमका चाफ्याच्या बुंध्यावरून जात होता. ते आम्हांस म्हणाले, "दादा, झाड आईचें आहे हें का मला कळत नाहीं? पण जागाच तेवढी. शिमग्यापर्यंत मी थांबतों. त्यापुढें गवंडी थांबणार नाहींत." त्यांत त्यांचा दोष नव्हता.

दुसरें रोप विकत आणावें असें कित्येकांनीं सुचविलें. परंतु बियांपासून झालेलें झाड आईच्या झाडासारखें निपजेल याची शाश्वति नसते. या झाडास शेंगाही क्वचितच धरतात. त्याच्या फुलांत मध नसतो. रात्रीं वास मात्र वाढतो, आणि त्या वासानें फसून मोठे निशाचर पतंग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हिंडतात. फांदीपासून वाढविलेलें झाड मात्र दुसरें झाड नव्हेच. तें तेंच झाड होय. तेव्हां तेंच झाड राखावयाचें तर फांदीवांचून मार्ग नव्हता.

सन २०२३ च्या जानेवारींत आम्हीं सात फांद्या काढल्या. त्याच दिवशीं मळ्यांतील काळ्या कसदार जमिनींत खड्डे घेऊन, शेणखत भरपूर घालून त्या लाविल्या व रोज सकाळीं पाणी घातलें. ऊंस ज्या मायेनें लावावा त्या मायेनें सर्व केलें. पंधरा दिवसांनीं एक फांदी हलवून पाहिली तों ती हातांत आली. बुडखा काळा, मऊ व घाण वासाचा झाला होता. सातही फांद्या तशाच सडल्या.

फेब्रुवारीच्या आरंभीं आम्हीं पुन्हां अकरा फांद्या काढल्या. परंतु तोंच हरभऱ्याची काढणी आली, मजूर मिळेनात, आणि फांद्या पडवीच्या कोपऱ्यांत पोत्यावर पडून राहिल्या. तीन आठवडे त्यांकडे कोणीं पाहिलें नाहीं. शेवटीं आमच्या घरांतून विचारणा झाली, "त्या वाळक्या काठ्या चुलींत घालूं का?" उचलून पाहतों तों जखमा वाळून टणक झालेल्या, साल किंचित् सुरकुतलेली, आणि टोंकांशीं हिरवे कोंब! त्या मुरुमांत लाविल्या. अकरापैकीं नऊ जगल्या. होळी झाल्यावर जुनें झाड पडलें. परंतु तोंवर तें आमच्या मळ्यांत नऊ ठिकाणीं उभें होतें.

याचें कारण असें. चाफ्याची फांदी मांसल असून तींत पाणी व अन्न सांठविलेलें असतें. पानें नसल्यामुळें तिला लागलीच पाण्याची गरज नसते. ओली जखम ओल्या मातींत पुरली म्हणजे बुरशीस आयतें दार मिळतें. तीच जखम सुकूं दिली म्हणजे तीवर कठीण खपली धरते व ओलीनें सडण्याचें भय पुष्कळ कमी होतें. आम्हीं सात फांद्या मारल्या त्या हयगयीनें नव्हे, तर अति काळजीनें.

अनुभवान्तीं आम्ही जी रीत पाळतों ती अशी:

माघ-फाल्गुनांत, पानें गळाल्यावर व नवी पालवी येण्यापूर्वीं, अंगठ्याहून जाड, करड्या सालीची, एक ते दीड फूट लांबीची फांदी धारदार हत्यारानें काढावी. हिरवी कोंवळी फांदी घेऊं नये. चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये. त्वचेसही त्यानें आग होते, म्हणून हात लगेच धुवावे व मुलांस दूर ठेवावें. राहिलेलीं पानें काढून फांदी सावलींत, कोरड्या व हवेशीर जागीं दहा ते पंधरा दिवस ठेवावी; जाड असल्यास तीन आठवडे. नंतर दोन भाग मुरूम किंवा जाड वाळू व एक भाग कुजलेलें खत अशा मिश्रणांत, पिशवींत किंवा कुंडींत, तीन-चार इंच खोल लावावी व काठीचा आधार द्यावा. लावतांना एकदां पाणी द्यावें. पुढें माती कोरडी झाल्यावांचून देऊं नये. पान फुटलें म्हणजे मूळ फुटलें असें समजूं नये, कारण सांठ्याच्या बळावर आधीं पानच येतें. मुळें धरण्यास दीड ते दोन महिने लागतात. तोंवर फांदी उपटून पाहण्याचा मोह आवरावा.

पहिल्या पावसाच्या सुमारास रोप जमिनींत न्यावें. जागा दिवसांतून सहा तास तरी उन्हाची असावी. माळाची किंवा मुरमाड जमीन उत्तम. काळी जमीन असल्यास मुरूम मिसळून हातभर उंचवटा करावा व त्यावर लावावें, म्हणजे पाणी मुळांशीं तुंबणार नाहीं. लांकूड ठिसूळ असल्यामुळें वाऱ्यानें फांद्या मोडतात. म्हणून घरापासून दहा-बारा फूट अंतर ठेवावें. वर्षांतून एकदां पावसाच्या तोंडावर पाटीभर कुजलेलें खत पुरे. युरिया घातल्यास पानें माजतात व फुलें कमी होतात. फूल फांदीच्या शेंड्यासच येतें. म्हणून चैत्रांत शेंडे छाटणारा त्या वर्षाच्या फुलांस मुकतो. छाटणी पानगळीनंतर करावी, म्हणजे छाटलेल्या फांद्या लागवडीसही होतात.

रोग म्हणावा तर तांबेरा. पावसाळ्यांत पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटी दिसते व पानें अकालीं गळतात. गळलेलीं पानें गोळा करून नष्ट करावीं व दाट फांद्या विरळ कराव्या. झाड सहसा दगावत नाहीं. पिठ्या ढेकूण आल्यास पाण्याचा जोराचा फवारा मारावा किंवा साबणाच्या पाण्यांत निंबोळी तेल मिसळून फवारावें.

चाफा दाराशीं नसावा, तो स्मशानांतला, असें म्हणणारे लोक आहेत. तो देवळाच्या, दर्ग्याच्या व कबरस्थानाच्या आवारांत आढळतो हें खरें. पण तेथें रोज पाणी घालण्यास कोण जातो? कोणीं न पाहतांही जो जगतो व रोज आपलीं फुलें खालीं टाकतो, असें झाड तेथें टिकलें यांत अशुभ तें काय? तो त्याचा गुणच होय.

सन २०२४ च्या चैत्रांत नऊपैकीं चार झाडांस फुलें आलीं. मधोमध पिवळीं, कडेस पांढरीं, अगदीं पूर्वींचींच. त्या वर्षीं बंधूंच्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हां एक रोप आम्हीं त्यांच्याकडे नेलें. त्यांनीं ते उत्तरेच्या बाजूस, पायापासून बारा फूट मोजून लाविलें, आणि आम्हांस म्हणाले, "दादा, आतां पाणी किती घालूं तें तेवढें सांगा." आम्हीं सांगितलें, "जितकें घालावेंसें वाटेल त्याच्या निम्म्याहून कमी."

ज्यांच्या घरीं जुना चाफा असेल त्यांनीं येत्या माघांत चार फांद्या अवश्य काढून ठेवाव्या. घरें पडतात, वांटण्या होतात, रस्ते रुंद होतात. पंचनाम्यांत या झाडाची नोंद होवो वा न होवो, पडवीच्या कोपऱ्यांत चार काठ्या ठेवण्यास खर्च कांहींच येत नाहीं.