अवधान विकारातील उत्तेजक औषधे व परिचर्या
अवधान-न्यूनता व अतिक्रियता विकारासाठी उत्तेजक औषध घेणाऱ्या रुग्णाची देखभाल. औषध देण्याची व्यवस्था, शारीरिक मोजमापे, अनिष्ट परिणामांची वेळीच ओळख आणि कुटुंब व शाळा यांना मार्गदर्शन या गोष्टींचा तीत अंतर्भाव होतो. निदान व औषधयोजना ही मानसोपचारतज्ञाची किंवा बालरोगतज्ञाची कामे होत. तथापि उपचार सुरक्षित राहतो की नाही, हे पुष्कळ अंशी परिचारिकेने ठेवलेल्या नियमित नोंदींवर अवलंबून असते.

विकाराचे स्वरूप : लक्ष टिकून न राहणे, सतत चळवळ करणे व विचार न करता कृती करणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. ती वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागतात आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. अनेक रुग्णांत ती प्रौढपणीही टिकून राहतात. खोडकरपणा, ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप किंवा घरातील ताण यांमुळेही मूल चंचल दिसू शकते. म्हणून या कारणांचा शोध आधी घ्यावा लागतो.

औषधे : चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ मध्ये अँफेटामीन गटातील औषधाने काही मुलांच्या वर्तनात व अभ्यासात सुधारणा होते, असे नमूद केले. मेथिलफेनिडेट हे औषध स्वित्झर्लंडमध्ये १९४४ साली प्रथम संश्लेषित झाले. भारतात या विकारासाठी मुख्यतः हेच उत्तेजक वापरले जाते. मेंदूतील डोपामीन व नॉरएपिनेफ्रिन या द्रव्यांचे तंत्रिका कोशिकांत होणारे पुनर्शोषण त्यामुळे रोखले जाते व त्यांची क्रिया वाढते. साध्या गोळीचा परिणाम सुमारे तीन ते चार तास टिकतो. सहा वर्षांवरील मुलांत सामान्यतः ५ मिग्रॅ. दिवसातून दोनदा असा आरंभ करून मात्रा आठवड्याच्या अंतराने वाढवितात. दिवसाची कमाल मात्रा ६० मिग्रॅ. असते. सहा वर्षांखालील मुलांत पालकांचे प्रशिक्षण व वर्तनोपचार यांना प्राधान्य देतात.

उपचारापूर्वीची पाहणी : मुलाला धाप लागणे, श्रम करताना भोवळ येणे वा छातीत दुखणे, तसेच कुटुंबात तरुणपणी आकस्मिक मृत्यू झालेला असणे या गोष्टींची परिचारिकेने चौकशी करावी. हृद्‌रोग, काचबिंदू, अवटू ग्रंथीची अतिक्रिया, अपस्मार, अंगाला झटके देण्याची सवय किंवा तीव्र चिंता यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. उंची, वजन, नाडीचे ठोके व रक्तदाब यांची पहिली नोंद औषध सुरू होण्यापूर्वीच करावी. ती नसेल, तर पुढील मोजमापांची तुलना कशाशीही करता येत नाही.

परिचर्या : भूक मंदावणे व झोप न लागणे हे सर्वांत सामान्य अनिष्ट परिणाम होत. सकाळचे औषध न्याहारीबरोबर किंवा न्याहारीनंतर द्यावे आणि शेवटची मात्रा दुपारनंतर उशिरा देऊ नये. औषधाचा जोर बहुधा दुपारी असतो व शाळेतील माध्यान्ह भोजनाची वेळही तीच असते. ज्या मुलाचे पोट मुख्यतः त्या भोजनावर भरते, त्याची उपासमार कोणाच्या लक्षात न येता होऊ शकते. म्हणून सकाळी भाकरी, दूध, अंडे असा पोटभर आहार द्यावा आणि औषधाचा परिणाम ओसरल्यावर संध्याकाळी पुन्हा जेवू घालावे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी, तर उंची दर सहा महिन्यांनी मोजून वाढीच्या आलेखावर मांडावी. नाडी व रक्तदाब प्रत्येक मात्राबदलाच्या वेळी आणि एरवी दर सहा महिन्यांनी पाहावा. दीर्घकाल क्रिया करणाऱ्या गोळ्या फोडू, कुटू वा चघळू देऊ नयेत. राहिलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट औषध देऊ नये.

छातीत दुखणे, मूर्च्छा, भास होणे, आत्मघाताचे विचार, कमालीची उदासीनता किंवा नव्याने झटके येणे ही धोक्याची लक्षणे असून ती दिसताच डॉक्टरांशी त्वरित संपर्क साधावा.

कायदा व साठा : मेथिलफेनिडेट हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘एक्स’ अनुसूचीत असून १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानेही नियंत्रित आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत औषधविक्रेता दोन वर्षे जपून ठेवतो. घरी औषध मोठ्या माणसाच्या ताब्यात व कुलपात असावे. गोळ्यांची मोजदाद केल्याने चुकलेल्या मात्रा व गैरवापर दोन्ही उघड होतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ : २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा क्षेत्रफळाने (१७,०४८ चौ. किमी.) महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून त्यात १४ तालुके आहेत. दूरच्या गावांहून जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ञाकडे वारंवार जाणे कठीण पडते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या विकाराचाही समावेश आहे. त्यामुळे शाळेतच संशयित मूल ओळखता येते. पुढील देखरेखीचा प्रश्न मात्र उरतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी काही महिने गाव सोडतात. त्या काळात शाळा बदलते, चिठ्ठी संपते आणि वजनाची नोंद थांबते. अशा कुटुंबाबरोबर औषधाचे नाव, मात्रा व मोजमापे लिहिलेले कार्ड द्यावे. पुढील भेटीची तारीख व चिठ्ठीची व्यवस्था निघण्यापूर्वीच ठरवावी.

याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसायसाय पारितोषिक मिळाले. अल्पशिक्षित वा निरक्षर ग्रामीण स्त्रियाही प्रशिक्षणानंतर बालकांचे वजन व आजार यांवर विश्वासाने लक्ष ठेवू शकतात, हे या प्रकल्पाने दाखविले. तो प्रकल्प अवधान विकारासाठी नव्हता. परंतु त्याचा धडा येथे लागू पडतो. परिचारिकेच्या मार्गदर्शनाखाली आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व वर्गशिक्षक यांनी वजन, जेवण, झोप व वर्तन यांची नोंद ठेवली, तर तज्ञ दूर असूनही औषधाची मात्रा योग्य वेळी बदलता येते. औषधाने मूल शांत बसू लागले, एवढ्यावर उपचार यशस्वी मानू नये; ते जेवते, झोपते, वाढते व शिकते, हे पाहणे हाच या परिचर्येचा हेतू होय.