तक्रारीची नोंद जीव वाचवते

गुणवत्ता म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो तयार माल तपासणारा माणूस. चांगला माल पुढे, खराब बाजूला. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मात्र एवढ्याने भागत नाही. का, ते एका यंत्राच्या गोष्टीवरून पाहू.

‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं कॅनडातल्या कंपनीचं यंत्र. आधीच्या ‘थेरॅक-२०’मध्ये धोका दिसताच किरण रोखणारी स्वतंत्र सोय होती. नव्या यंत्रात ती काढून सारी भिस्त संगणकाच्या प्रोग्रॅमवर ठेवली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण बसले. त्यातले काही दगावले.

मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे यंत्र चालवणाऱ्या बाईंनी टाइप करताना झालेली चूक झटपट सुधारली. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटलं आणि आत रुग्ण वेदनेने कळवळला. तपासणीत दोष सापडला नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि एप्रिलमध्ये तिथेच दुसरा रुग्ण भाजला. अखेर कारण शोधलं ते रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने आणि त्याच बाईंनी. दुरुस्ती फार वेगाने केली, की प्रोग्रॅम फसत होता.

खरी मेख पुढेच आहे. त्याआधी तीन रुग्णालयांत रुग्ण भाजले होते. तरी असे अपघात आपल्याला ठाऊक नाहीत, असं कंपनीने टायलरला सांगितलं होतं. तक्रारी होत्या, त्या एकत्र जुळवून पाहणारं कुणी नव्हतं.

गुणवत्ता व्यवस्थापन पद्धती हवी ती यासाठीच. ‘आयएसओ १३४८५’ हे तिचं आंतरराष्ट्रीय मानक १९९६ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये सुधारलं गेलं. काय बिघडू शकेल याचा विचार आराखड्यातच करायचा, प्रत्येक बदल तपासून नोंदवायचा, तक्रारीचं मूळ शोधायचं आणि केलेला उपाय लागू पडला का, हेही पडताळायचं. आपल्याकडे २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनीही उत्पादकांवर अशी पद्धती बंधनकारक केली आहे.

घरातलं साखर मोजण्याचं यंत्र विचित्र आकडे दाखवू लागलं, तर नुसतं चरफडू नका. यंत्राचा आणि पट्ट्यांच्या डबीवरचा क्रमांक लिहून घ्या आणि उत्पादकाला कळवा. न कळवलेल्या तक्रारीची नोंद होत नाही, आणि नोंद नसेल तर दोष पुढच्या घरी जातो.