वाऱ्याची वीज आणि हिवाळ्याचे कुरण

साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही वनहक्काचे दावे लिहायला बसलो होतो. समोरच्या पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. गावचे एक आजोबा बराच वेळ तिकडे बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, ह्या पंख्यांचा धूर नाही, राख नाही. सगळे म्हणतात चांगली वीज आहे. मंग आमच्या जमिनीवर नको म्हटलं तर आम्ही वाईट का?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर त्यांना नॉर्वे देशातल्या सामी आदिवासींची गोष्ट सांगितली. तीच येथे मांडतो, कारण हा प्रश्न आपल्या इतर गावांतही विचारला जाणार आहे.

नॉर्वेच्या मध्यभागी, ट्रॉन्डहेम शहराजवळ, समुद्रकाठी फोसन नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील दक्षिण सामी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रेनडियर पाळतात. रेनडियर म्हणजे बर्फाळ प्रदेशातले हरीण. आपल्याकडे शेळ्या-गुरांवर घर चालते, तसे त्यांचे घर या कळपावर चालते. त्यांची भाषा बोलणारे आता काही शेकडाच उरले आहेत. रानात कळपामागे फिरतानाच मुले ती भाषा शिकतात. म्हणून धंदा गेला की भाषाही जाते.

हिवाळा हा कळपाचा कठीण काळ. सगळीकडे बर्फ असतो. पण किनाऱ्याजवळच्या उघड्या पठारांवर वारा इतका जोराचा, की बर्फ उडून थर पातळ होतो. खाली दगडफूल असते, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतले. रेनडियर खुरांनी बर्फ उकरून ते खाते. म्हणजे जिथे वारा जास्त, तिथे हिवाळ्याचे कुरण चांगले. पवनचक्कीलाही नेमकी तीच जागा लागते. सारा तंटा इथून सुरू झाला.

२०१० मध्ये तेथे पवनऊर्जा प्रकल्पांना परवाने मिळाले आणि २०१३ मध्ये सरकारने ते कायम केले. फोसन व आसपासचे हे प्रकल्प मिळून १,००० मेगावॅटहून मोठे आहेत. जमिनीवरच्या पवनऊर्जेत युरोपात त्यांची गणना मोठ्यांत होते. त्यांपैकी स्टोरहेया आणि रोआन या दोन ठिकाणी १५१ पवनचक्क्या सामींच्या हिवाळी कुरणात उभ्या राहिल्या. रेनडियर फिरत्या पात्यांजवळ जायला बिचकते. जमीन आहे तिथेच राहते, पण कळप तिकडे फिरकत नाही.

सामी कोर्टात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने बांधकाम थांबवण्याची विनंती नॉर्वेला केली. काम थांबले नाही. खटला चालू असतानाच पवनचक्क्या फिरू लागल्या.

खालच्या कोर्टाने कुरण गेल्याचे मान्य केले आणि सुमारे ९ कोटी क्रोनर भरपाई ठरवली. त्या पैशात हिवाळ्यात जनावरे कुंपणात ठेवून विकतचा चारा घालावा, असा हिशोब होता. सर्वोच्च न्यायालयाला तो पटला नाही. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी ११ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की हे परवाने अवैध आहेत. आधार होता नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम २७. अल्पसंख्य समाजाला आपली संस्कृती जगण्याचा हक्क हे कलम देते. वाऱ्याची वीज हवी हे न्यायालयाने नाकारले नाही. पण दुसऱ्या जागाही निवडता आल्या असत्या, असे त्याने सांगितले. हा करार भारतानेही १९७९ मध्ये स्वीकारला आहे.

एवढा स्पष्ट निकाल लागूनही पवनचक्क्या फिरतच राहिल्या. ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुण-तरुणी ओस्लोच्या ऊर्जा मंत्रालयात जाऊन बसले. पंतप्रधानांनी माफी मागितली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या आणि मार्च २०२४ मध्ये उत्तरेकडच्या पशुपालक गटाशी समझोते झाले. दक्षिणेकडच्या गटाला वर्षाला ७० लाख क्रोनर, दुसरीकडे हिवाळी कुरण आणि परवान्याची मुदत संपल्यावर ती वाढवायला नकार देण्याचा अधिकार मिळाला. पवनचक्क्या मात्र जागेवरच आहेत.

आजोबांना मी म्हणालो, "बाबा, तुम्ही वाईट नाही. वीज चांगली असली तरी जागा कुठली, हे तुम्हाला विचारूनच ठरले पाहिजे. आणि तेही आधी विचारले पाहिजे. पंखा उभा राहिल्यावर देशातले सर्वांत मोठे कोर्टही तो खाली आणू शकले नाही."

आपल्याकडे हे 'आधी' साधायला कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक शेतीबरोबर चराई, गौण वनोपज यांचे सामूहिक हक्कही मागता येतात. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जातल्या वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. पण दावाच केला नसेल, तर कागदावर ते पठार मोकळे दिसते.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती, की सामूहिक दावा मागे ठेवू नका. गुरे कुठल्या महिन्यात कुठे चरतात, पाणी कुठे पितात, वाट कुठून जाते, हे गावाबरोबर चालून नकाशावर घ्या. जाणत्या माणसांचा लेखी जबाब हाही कायद्याने पुरावा आहे. तो ती माणसे आहेत तोवर लिहून घ्या. आणि ग्रामसभेच्या ठरावावर अंगठा घेण्याआधी तो मोठ्याने, त्यांच्या बोलीत वाचून दाखवा.

त्या पाड्याचा चराईचा दावा आम्ही त्याच आठवड्यात लिहायला घेतला. पहिला जबाब आजोबांचाच आहे.